घास, सक्ती आणि संमती



आपल्याकडे माणसाची विचारपूस जेवणापासून सुरू होते. ‘जेवलात का?’ एवढ्या दोन शब्दांत माया येते, पाहुणचार येतो, काळजीही येते. पण काही घरांत या दोन शब्दांची धास्ती बसलेली असते. आई विचारते, ‘जेवलीस का?’ मुलगी म्हणते, ‘हो, मैत्रिणीकडे खाल्लं.’ हे खरं नाही, हे आईला ठाऊक असतं. आईला ते ठाऊक आहे, हे मुलीलाही ठाऊक असतं. मग ताट आदळतं, आवाज चढतात, वडील मध्ये पडतात. शेजाऱ्यांना वाटतं, अर्ध्या पोळीवरून एवढं महाभारत कशाला?

ते पोळीवरून नसतंच. डॉक्टर ज्यांना ‘ईटिंग डिसऑर्डर’ म्हणतात, त्या खाण्याच्या विकारांपैकी एखादा त्या घरात शिरलेला असतो. ॲनोरेक्सियात माणूस अन्न कमी कमी करत जातो. बुलिमियात तो भरमसाट खातो आणि मग खाल्लेलं शरीराबाहेर काढण्यासाठी धडपडतो. आणखीही प्रकार आहेत. हे आजार मुलींत जास्त दिसतात, पण मुलांनाही होतात, आणि पन्नाशीच्या बाईलाही होऊ शकतात. ‘खात्यापित्या घरचे लाड’ म्हणून त्यांची थट्टा होते. वस्तुस्थिती अशी, की मानसिक आजारांत सर्वांत जीवघेण्या आजारांमध्ये ॲनोरेक्सियाची गणना होते. अनेक अभ्यास एकत्र तपासून २०११ साली काढलेला निष्कर्ष सांगतो, की या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या इतरांच्या पाचपटीहून अधिक असतं. आणि दर पाच मृत्यूंमागे एक आत्महत्येचा असतो.

मी डॉक्टर नाही. कविता लिहिते. औषधपाण्याबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. पण या आजारात काही प्रश्न असे आहेत, की ते एकट्या डॉक्टरवर सोपवून चालणार नाहीत. जो जेवायला नाही म्हणतो, त्याच्या ‘नाही’चा मान ठेवायचा, की त्याला जगवायचं? त्याचं दुखणं कुणाच्या शब्दांत सांगायचं? आणि वर्षानुवर्षं गुण आला नाही तर हात टेकायचे का? हे प्रश्न न्याय-अन्यायाचे आहेत, म्हणून ते आपले सगळ्यांचे आहेत.

शब्दांपासूनच सुरुवात करू. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३ साली या आजाराला ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिलं. ‘ॲनोरेक्सिया’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भूक नसणं. आता गंमत पाहा. हे नाव जगभर चाललं, पण ते नेमकं नाही. या रुग्णांना बहुधा भूक असते, कडकडून असते. दिवसभर त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही नसतं. त्या भुकेशीच तर त्यांचं युद्ध चाललेलं असतं. जर्मन भाषेत याच आजाराला जो शब्द आहे, त्याचा अर्थ बारीकपणाचं व्यसन असा होतो. एकच आजार, एका भाषेने त्यात उणीव पाहिली, दुसरीने हव्यास पाहिला. नाव ठेवणारा जे पाहतो, तेच नावात उतरतं.

याचा परिणाम पुढे थेट उपचारांवर झाला. ‘मला लठ्ठ होण्याची भीती वाटते’ असं रुग्णाने म्हणणं, ही पाश्चात्त्य पुस्तकांत आजाराची मोठी खूण ठरली. हाँगकाँगचे मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांच्याकडे मात्र १९९०च्या सुमारास अशा मुली येत होत्या, की ज्या वाळून काठी झाल्या होत्या, पण लठ्ठपणाचं नावही काढत नव्हत्या. त्या म्हणायच्या, पोट भरल्यासारखं वाटतं. भूक लागत नाही. पुस्तकातलं वाक्य त्यांच्या तोंडी नव्हतं, म्हणून त्या आजारी नव्हत्या की काय? सिंग ली यांनी उलट विचारलं: चूक रुग्णाची, की आपल्या मोजपट्टीची? आपल्याकडची मुलगीही ‘घास उतरत नाही’, ‘मळमळतं’, ‘इच्छाच नाही’ असंच म्हणेल. तिची पोटाची तपासणी होईल, रक्त तपासलं जाईल, बाहेरचं काही आहे का तेही पाहिलं जाईल. तिच्या मनाची तपासणी सर्वांत शेवटी.

अन्याय दुसऱ्या बाजूनेही होतो. ज्याचं शरीर मुळात स्थूल, त्याने खाणं सोडलं तर लोक त्याची पाठ थोपटतात. ‘छान बारीक झालीस गं!’ आतून त्याचं तेच हाल चाललेलं असतं, हृदयावर तोच ताण येतो. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३च्या सूचीत या प्रकाराची दखल घेतली गेली. म्हणजे हा आजार नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाही. काट्यावरचा आकडा हीच आजाराची पावती मानली, तर काही जणांना मदत मिळण्यासाठी आधी आणखी आजारी पडावं लागेल.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आपण उपवासांच्या देशात राहतो. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, हरतालिका, पर्युषण, आणि आमच्याकडे रमजानचे रोजे. उपवासाने हा आजार होतो असं मी म्हणत नाही. पण आजाराला आडोसा हवा असतो आणि उपवास तो फार सहज देतो. ‘आज माझा उपास आहे’ म्हटलं, की प्रश्न संपतो, वर कौतुकही होतं. रोजाच्या बाबतीत कुराणाची आज्ञा स्पष्ट आहे: आजारी माणसाला आणि प्रवाशाला सूट आहे. राहिलेले रोजे नंतर करता येतात. ज्याला ते झेपणारच नाही, त्याने गरिबाला जेवू घालावं. म्हणजे ज्याला स्वतः उपाशी राहणं परवडत नाही, त्याच्याकडून दुसऱ्याच्या मुखात घास जावा, अशी ही तजवीज आहे. मला ती फार सुंदर वाटते.

तरीही प्रश्न उरतो. पहाटे सगळं घर सहरीला उठलंय, संध्याकाळी सगळे इफ्तारीला एकत्र बसलेत, आणि एकटीला सांगायचं, तू रोजा धरायचा नाहीस. तिला ते आजारातून सुटण्यासारखं वाटत नाही, घरातून वगळल्यासारखं वाटतं. ‘माझा देव, माझा उपास, तुम्ही कोण सांगणार?’ असं ती म्हणाली तर ती श्रद्धा बोलते की आजार बोलतो? हे ओळखणं नुसत्या डॉक्टरला जमणार नाही. तिथे घरातली वडीलधारी मंडळी हवीत, तिचा विश्वास असलेले मौलवी किंवा गुरुजी हवेत. ‘तुझ्यासाठी सध्या जेवणं हीच इबादत’ हे वाक्य डॉक्टरच्या तोंडून एक अर्थ घेतं आणि आजीच्या तोंडून दुसरा.

आता सक्तीच्या प्रश्नाकडे येते. त्याआधी वेल्समधल्या एका मुलीची हकिकत सांगायला हवी. सारा जेकब तिचं नाव. शेतकऱ्याची पोर. १८६७च्या ऑक्टोबरपासून ही मुलगी काहीही न खाता जगते आहे, असं तिचे आईवडील सांगू लागले. लोकांची रीघ लागली. फुलं आणि फिती लावून बिछान्यावर पडलेल्या सारापुढे लोक पैसे ठेवून जात. श्रद्धाळूंना तो चमत्कार वाटला. डॉक्टरांना ती लबाडी वाटली. सोक्षमोक्ष लावण्यासाठी १८६९च्या डिसेंबरात गायज हॉस्पिटलमधून चार परिचारिका पाठवल्या गेल्या. मघाशी ज्या डॉ. गल यांचं नाव घेतलं, त्यांचंच ते हॉस्पिटल. परिचारिकांना सूचना अशी होती, की रात्रंदिवस नजर ठेवायची; मुलीने मागितलं तर द्यायचं, पण आपण होऊन विचारायचं नाही. ९ डिसेंबरला पहारा बसला. चोरून मिळणारं जे काही थोडंबहुत असेल, तेही बंद झालं. मुलगी खंगत गेली. आईवडिलांनी पहारा उठवला नाही. १७ डिसेंबरला ती गेली. तिचं वय होतं १२ वर्षं. पुढच्या वर्षी आईवडिलांना सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. डॉक्टरांवरचा खटला मात्र उभाच राहिला नाही.

चार प्रशिक्षित परिचारिकांच्या डोळ्यांसमोर एक मूल उपासमारीने मेलं. कारण त्या खोलीत प्रत्येकाला काहीतरी सिद्ध करायचं होतं. कुणाला देव सिद्ध करायचा होता, कुणाला विज्ञान. सारा ही दोन्ही पक्षांचा पुरावा होती. ती मूल आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तिने मागितलं नाही, हे खरं. पण मागितलं असतं तर ती खोटी ठरली असती. तोंड उघडायची वाटच तिला कुणी ठेवली नव्हती. ‘तिची इच्छा’, ‘तिची निवड’ असं आपण म्हणतो तेव्हा मला ही सारा आठवते.

निवडीबद्दल आणखी एक गोष्ट सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरायला नकार देणारे ३६ धडधाकट तरुण त्यासाठी स्वेच्छेने पुढे आले. १९४५ साली सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवण्यात आलं. उपाशी युरोपाला पुन्हा कसं खाऊ घालावं, हे समजून घेण्यासाठी हा खटाटोप होता. या तरुणांचं पुढे काय झालं? त्यांना अन्नावाचून दुसरं काही सुचेना. पाककृतींची पुस्तकं वाचत बसणं, एकेक घास तासभर चिवडणं, माणसं टाळणं, चिडचिड, खिन्नता. या मुलांना मुळात कोणताही खाण्याचा विकार नव्हता. नुसत्या उपासमारीने त्यांचं मन असं झालं.

याचा अर्थ असा, की भूक मनाला एका मर्यादेपलीकडे मोकळं ठेवत नाही. मुलगी ‘मला नको’ म्हणते, तेव्हा त्या ‘नको’मध्ये तिचा किती वाटा आणि उपासमारीचा किती? गणितात ती हुशार असते, कायदा तिला समजतो, आपण मरू शकतो हेही ती नीट सांगते. फक्त एका घासापाशी तिचा विचार तिच्या हातून सुटतो. बाकी सगळीकडे शहाणा असलेल्या माणसाला एकाच गोष्टीत असमर्थ म्हणायचं का?

इंग्लंडमधल्या न्यायालयापुढे २०१२ साली नेमका हाच पेच आला. एक ३२ वर्षांची बाई, एकेकाळी वैद्यकीय शिक्षण घेतलेली. माझ्यावर जबरदस्तीने उपचार करू नका, असं तिने आधी लिहून ठेवलं होतं. आईवडीलही थकले होते. तिच्या इच्छेचा मान ठेवावा असं त्यांनाही वाटत होतं. न्यायमूर्ती पीटर जॅक्सन यांनी निर्णय दिला, की अन्नाच्या बाबतीत तिची विचार तोलण्याची शक्ती आजाराने हिरावली आहे, म्हणून तिला अन्न द्यावं. त्याच वर्षी न्यायमूर्ती एलेनॉर किंग यांच्यापुढे २९ वर्षांच्या दुसऱ्या एका मुलीचं प्रकरण आलं. तिचं शरीर इतकं खचलं होतं, की गुंगी देऊन सक्तीने नळी घालण्यातच तिचा जीव जाण्याचा धोका होता. तिच्यावर सक्ती करू नये, असा निर्णय झाला. एकच देश, एकच कायदा, एकच वर्ष. आणि दोन निर्णय. काहींना यात विसंगती दिसते. मला त्यात माणसामाणसातला फरक पाहण्याची तयारी दिसते.

आपल्याकडे २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे. तो मे २०१८पासून लागू झाला. त्यातली एक तरतूद प्रत्येक घराने वाचावी अशी आहे. एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्या माणसाला निर्णयक्षमता नाही असं ठरवता येत नाही. दाखवायचं असतं ते हे, की त्याला माहिती कळत नाही, परिणाम उमगत नाहीत किंवा निर्णय सांगता येत नाही. स्वतःची काळजी घेता येऊ नये इतकी प्रकृती बिघडली, तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून रुग्णाला ठराविक मुदतीसाठी दाखल करता येतं. त्यावर पुनर्विलोकन मंडळाकडे दादही मागता येते. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, हे बरं असताना लिहून ठेवण्याचा अधिकारही हा कायदा देतो. कायद्याने सक्तीला दार ठेवलं आहे, पण दाराला चौकट घातली आहे.

कुणी म्हणेल, उपोषणकर्त्याला सक्तीने खाऊ घालणं अन्याय मानता, मग इथे न्याय कसा? प्रश्न रास्त आहे. जाणतेपणी उपोषण करणाऱ्याच्या नाकात जबरदस्तीने नळी घालू नये, हे जागतिक वैद्यकीय संघटनेने १९९१ साली माल्टात जाहीर केलं. पण उपोषणाला समोर कुणीतरी असतं. १९३२ साली गांधीजी येरवड्यात उपोषणाला बसले किंवा २०००पासून २०१६पर्यंत इरोम शर्मिला उपाशी राहिल्या, तेव्हा मागणी होती, आणि मागणी पुरी झाली की घास तयार होता. या आजारातल्या मुलीची मागणी पुरी होत नाही. ठरवलेल्या आकड्याला वजन आलं, की आजार पुढचा आकडा सांगतो. नळी तीच असते. एकाच्या बाबतीत ती त्याचा आवाज दाबते, दुसरीच्या बाबतीत कदाचित आवाज परत यायला वेळ मिळवून देते. कदाचित म्हणते, कारण ते नळीवर अवलंबून नसतं.

ते कशावर अवलंबून असतं? अमेरिकेतल्या एका रुग्णालयात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की आपल्याला दाखल होण्याची गरज नाही असं म्हणणाऱ्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांनी दोन आठवड्यांत, गरज होती, असं कबूल केलं. ब्रिटनमध्ये तरुण मुलींच्या घेतलेल्या मुलाखतींमधून तर एक वेगळीच गोष्ट पुढे आली. जाच वाटला तो नुसत्या बंधनांचा नव्हे. विश्वासाच्या माणसाने केलेली सक्ती त्यांना काळजी वाटली, आणि ज्याने कधी ऐकून घेतलं नाही, त्याचा साधा नियमही छळ वाटला. मला वाटतं, या साऱ्या चर्चेचं सार यात आहे. चारायचं की नाही, हा अर्धाच प्रश्न आहे. जो चारतो, तोच ऐकतोही का, हा उरलेला अर्धा.

घरच्यांबद्दल दोन शब्द बोलायला हवेत. डॉ. गल यांचं मत होतं, की अशा रुग्णाची देखभाल करायला नातेवाईक सर्वांत अयोग्य. पुढे शंभर वर्षं आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं गेलं. लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी १९८७ साली उलट दाखवून दिलं: लहान वयात आणि लवकर उपचार सुरू झाले, तर आईवडिलांनाच हाताशी धरून केलेला उपचार अधिक गुण देतो. आज मुलांच्या बाबतीत ही पद्धत आघाडीवर आहे. त्यात आईवडील जेवणाचा ताबा काही काळ स्वतःकडे घेतात आणि मूल सावरेल तसा तो परत देतात. मला त्यातलं ‘परत देणं’ महत्त्वाचं वाटतं. मात्र फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात घरच्या घरी एकदम अन्न कोंबू नये. रक्तातले क्षार घसरून हृदयावर बेतू शकतं. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावं.

शेवटचा प्रश्न हात टेकण्याचा. २०२२ साली अमेरिकेत काही डॉक्टरांनी ‘अंतिम अवस्थेतला ॲनोरेक्सिया’ अशी कल्पना मांडली. म्हणजे काही रुग्ण बरे होणारच नाहीत असं मानून त्यांना शांतपणे जाऊ द्यावं. त्यावर मोठा वाद झाला. यातना संपवण्यामागची करुणा मी नाकारत नाही. पण दुसरी एक नोंद समोर ठेवते. बॉस्टनमध्ये ॲनोरेक्सियाच्या रुग्णांचा २२ वर्षं पाठपुरावा केला गेला. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. नऊ वर्षांनंतर त्यांच्यापैकी जेमतेम एकतृतीयांश बऱ्या झाल्या होत्या. २२ वर्षांनंतर पाहिलं, तर शंभरात ६३ बऱ्या होत्या. नवव्या वर्षी ज्यांच्या नावापुढे आपण फुली मारली असती, त्यांच्यातल्या कितीतरी जणी पुढे बऱ्या होणार होत्या. थकलेल्या घराला विसावा मिळायला हवा, रुग्णालाही उपचारांतून उसंत हवी. पण ‘आता काही होणार नाही’ हे वाक्य उच्चारण्याचा हक्क इतक्या लवकर कुणी घेऊ नये.

श्रोतेहो, या भाषणात मी कुणाचंही वजन किलोत सांगितलं नाही, आणि अन्न टाळण्याच्या युक्त्याही सांगितल्या नाहीत. ते मुद्दाम. या आजारात असे आकडे स्पर्धेचे होतात. लग्नाच्या मांडवात, वर्गात, कार्यालयात दुसऱ्याच्या शरीरावर शेरा मारायची आपली सवय तेवढी सोडता आली, तरी बरंच झालं. घरात कुणी असं असेल तर ताटावरून भांडू नका. जेवणाची वेळ सोडून दुसऱ्या वेळी, शांतपणे, दुसऱ्या विषयावर बोला. आणि लवकर मनोविकारतज्ज्ञाकडे जा. सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

जेवायला वाढणारा हात आपल्याकडे पुण्याचा मानतात. त्या हाताला कान असला, तर तो हात धरायला आजारी माणूसही एक दिवस तयार होतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)